मोमोतारोच्या हाती मशीनगन

आपली मुले टीव्हीवर जपानी कार्टून आवडीने पाहतात. या चित्रांना शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. त्यातील युद्धापूर्वीचा भाग आईवडिलांनी आणि शिक्षकांनी समजून घेण्यासारखा आहे.

१९१७ साली शिमोकावा ओतेन, कोउची जुनइची आणि कितायामा सेइतारो या तिघांनी जपानमध्ये हलती चित्रे पडद्यावर आणली. कोउचींच्या एका चित्रपटात बोथट तलवार विकत घेऊन फसलेल्या सामुराईची फजिती आहे. हेतू निव्वळ करमणुकीचा. १९२३ च्या भूकंपात आणि आगीत टोकियोची राख झाली व त्या काळच्या बहुतेक फिती नष्ट झाल्या. सामुराईची ती फीत मात्र एकविसाव्या शतकात ओसाकाच्या जुन्या बाजारात सापडली.

त्या काळी सेल्युलॉइडचे पारदर्शक पत्रे फार महाग होते. म्हणून मुराता यासुजी कागदी चित्रे कात्रीने कापत, त्यांचे हातपाय किंचित सरकवत आणि दर वेळी एक फोटो घेत. ओफुजी नोबुरो नक्षीदार रंगीत कागद वापरीत. गोष्टी आजीच्या तोंडच्याच असत. गालावर आवाळू असलेल्या म्हाताऱ्याची गोष्ट मुरातांनी १९२९ मध्ये अशीच केली.

मोमोतारो हाही अशाच एका गोष्टीतला मुलगा. तो पीच फळातून जन्मतो, आणि कुत्रा, माकड व रानकोंबडा यांना लाडू देऊन मित्र करतो. मग ते सर्व मिळून राक्षसांच्या बेटावर जातात. १९३१ मध्ये मुरातांनी या मोमोतारोला विमानात बसवले. त्याच वर्षी जपानी सैन्य मांचुरियात शिरले. पुढच्या वर्षी तो पाणबुडीतून शार्कवर चालून गेला.

१९३४ च्या एका चित्रपटात मिकी माऊससारखा दिसणारा उंदीर वटवाघळावर बसून एका शांत बेटावर हल्ला करतो, आणि मोमोतारोसह लोककथांतील वीर चित्रांच्या पुस्तकातून उठून बाहुल्यांच्या मदतीला धावतात. परक्याला शत्रू मानण्याची शिकवण मुलांना हसतखेळत मिळत होती.

१९३९ च्या कायद्याने चित्रपट सरकारच्या मुठीत गेले. १९४३ मध्ये नौदलाच्या साहाय्याने सेओ मित्सुयो यांनी ३७ मिनिटांचा चित्रपट काढला. त्यात राक्षसांचे बेट म्हणजे पर्ल हार्बर, आणि मोमोतारो हल्ल्याचा सेनापती!

यात एका दिवसात काहीच घडले नाही. गोष्ट ओळखीची होती आणि प्राणी गोंडस होते, म्हणून कोणाला संशय आला नसावा. फक्त राक्षसाचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

म्हणून पालकांनो, मुलांची कार्टून बंद करू नका. आठवड्यातून एकदा त्यांच्याजवळ बसा, आणि गोष्ट संपल्यावर एवढेच विचारा, "यातला दुष्ट कोण? आणि तो दुष्ट का?"