कवटी मिळाली, शरीराचं काय?

नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मध्य विभागाचं मुख्यालय आहे. मध्य प्रदेशही याच विभागात येतो. तिथे नर्मदाकाठच्या हथनोरा गावाजवळ ५ डिसेंबर १९८२ रोजी सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना वाळू-गोट्यांच्या घट्ट थरात मानवी कवटीचा वरचा भाग सापडला. उजवी बाजू बरीचशी शाबूत, डावीचा मोठा भाग गेलेला, चेहऱ्याची हाडं नाहीत. भारतातल्या आदिमानवाच्या अभ्यासात याहून मोलाचा अवशेष क्वचितच असेल.

त्या कवटीत मेंदू किती मावत होता? केनेथ केनेडी, सोनकिया आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दिलेला अंदाज ११५५ ते १४२१ घनसेंटिमीटर इतका पसरलेला आहे. अर्धी कवटी हरवली की आकडा असाच सैल होतो. खरी अडचण मात्र पुढेच आहे.

माणसाचा मेंदू शरीराच्या मानाने मोठा, हे शाळेतच कानावर पडतं. सुमारे १३५० ग्रॅम, म्हणजे वजनाच्या दोन टक्के. पण उंदराचंही प्रमाण जवळपास तेवढंच भरतं, आणि नवजात बाळाचं दहा टक्क्यांच्या वर जातं. साठ किलोचा माणूस नव्वद किलोचा झाला तर टक्केवारी घसरते. मेंदू होता तेवढाच राहतो.

प्राणी मोठा होत जातो तसा मेंदू त्याच पटीत वाढत नाही. म्हणून हॅरी जेरिसन यांनी १९७३ मध्ये वेगळी पद्धत रूढ केली: त्या वजनाच्या सस्तन प्राण्याचा मेंदू साधारण केवढा असायला हवा ते काढायचं आणि खरा मेंदू त्याच्या किती पट आहे ते पाहायचं. माणूस सातपटीच्या आसपास येतो. पद्धत उपयोगी आहे, पण वजन तिलाही लागतंच.

आणि हथनोऱ्याच्या माणसाचं वजन कुणी केलंय? एक घनसेंटिमीटर म्हणजे ढोबळमानाने एक ग्रॅम धरू. मेंदू ११५५ ग्रॅम आणि शरीर साठ किलो मानलं, तर प्रमाण दोन टक्क्यांच्या आत राहतं. मेंदू १४२१ आणि शरीर चाळीस किलो मानलं, तर ते साडेतीन टक्क्यांवर जातं. कवटी तीच, पण एका हिशेबात तो आजच्या माणसासारखा ठरतो आणि दुसऱ्यात आपल्याही पुढे जातो! म्हणून अशा अवशेषाची टक्केवारी छापताना शरीराचं वजन कशावरून धरलं, हे सांगितलंच पाहिजे.

शरीराचा थोडा धागा मिळालाही. मानववंशशास्त्रज्ञ ए. आर. सांख्यान यांनी हथनोऱ्यातल्याच एका कॉलरबोनचं वर्णन १९९७ मध्ये प्रसिद्ध केलं. हाड आखूड होतं, त्यावरून माणूस ठेंगणा आणि दणकट असावा असं त्यांनी मांडलं. पुढे नर्मदाकाठी दोन वेगळ्या बांध्यांची माणसं वावरत असावीत, असाही विचार त्यांनी पुढे आणला. तसं असेल, तर हे हाड आणि ही कवटी एकाच भागाकारात बसवता येणार नाहीत.