टाकी भरली, पण गाडी सुरू होईना!

पेट्रोलपंपावर मोटार थांबते. टाकी भरून होते, पैसे चुकते होतात आणि चालक किल्ली फिरवतो. सेल्फचा आवाज खणखणीत येतो, इंजिन गरगर फिरते, पण पेट काही घेत नाही. मागच्या गाड्यांचे भोंगे वाजू लागतात. दोनदा, तीनदा, चारदा प्रयत्न होतो. मग एकदाचे इंजिन खोकत खोकत सुरू होते, थरथरते, पेट्रोलचा उग्र वास सुटतो आणि दोन मिनिटांत सारे सुरळीत! पुढचे आठ-दहा दिवस तीच गाडी पहिल्या फटक्याला सुरू होते. पुन्हा टाकी भरली की पुन्हा तोच प्रकार.

टाकी रिकामी झाल्यावर गाडी अडली असती तर त्यात नवल नव्हते. ही गाडी मात्र पोट भरल्यावर अडते. म्हणजे तिला पेट्रोल कमी पडते आहे, असे म्हणायला जागा नाही. उलट जास्त तर होत नसेल ना? हा तर्क विचित्र वाटला तरी तो धरून थोडे पुढे जाऊ.

इंजिनात नुसते पेट्रोल जळत नाही. जळते ते पेट्रोलचे बाष्प आणि हवा यांचे मिश्रण, आणि त्याचेही प्रमाण ठरलेले असते. १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. (इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी हा आकडा थोडा कमी असतो.) आता एका लहान मोटारीचे इंजिन घेऊ. त्याचे चार सिलिंडर आहेत आणि प्रत्येकात ३०० घनसेंटिमीटर हवा मावते. एवढ्या हवेचे वजन सुमारे ०.३५ ग्रॅम. तिला १४.७ ने भागा. उत्तर येते २४ मिलिग्रॅम. म्हणजे सिलिंडर पूर्ण भरला तरी एका घोटात त्याला जेमतेम थेंब-दोन थेंब पेट्रोल पुरते!

याहून फार कमी पेट्रोल असेल तर ठिणगी पडूनही मिश्रण पेटत नाही, हे सहज पटते. फार जास्त असेल तरीही ते पेटत नाही, हे मात्र पटकन लक्षात येत नाही. हवेत पेट्रोलच्या बाष्पाचे आकारमानाने प्रमाण सुमारे १.४ ते ७.६ टक्के असेल तेवढ्या टप्प्यातच ज्योत पसरू शकते. त्याच्या वर गेले की जळायला प्राणवायूच अपुरा पडतो. शिवाय द्रवरूप पेट्रोलने प्लग ओले झाले तर ठिणगीही धड पडत नाही.

आता टाकीत डोकावू, अर्थात मनाने! पेट्रोल हा अतिशय बाष्पनशील पदार्थ आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात टाकीतील पेट्रोलच्या वरच्या जागेत जी हवा असते, तिच्यात पेट्रोलच्या बाष्पाचा वाटा तिसऱ्या हिश्श्याहूनही अधिक असू शकतो. तुम्ही ४० लिटर पेट्रोल आत ओतले की तेवढ्याच आकारमानाच्या बाष्पयुक्त हवेला जागा खाली करावी लागते. या ४० लिटर हवेत सुमारे ५० ग्रॅम पेट्रोल असते. आपल्या सिलिंडरचा घोट २४ मिलिग्रॅमचा, म्हणजे हे बाष्प दोन हजारांहून अधिक घोटांना पुरेल! ते सगळे जाते कुठे?

पूर्वी ते सरळ हवेत जाई, आणि कोणाला त्याचे काही वाटतही नसे. १९५० च्या सुमारास अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावर डोळे झोंबवणारे धुरके साचू लागले होते. कॅलिफोर्नियातील आरी हागेन-स्मिट हे मूळचे हॉलंडचे रसायनशास्त्रज्ञ तेव्हा अननसाच्या स्वादातील द्रव्यांचा अभ्यास करीत होते. हवेतील अत्यल्प द्रव्ये पकडण्याचे आपले कसब त्यांनी शहरातील हवेकडे वळवले. पेट्रोलमधील हायड्रोकार्बने आणि इंजिनात तयार होणारी नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडले की ओझोन तयार होतो, असे त्यांनी दाखवून दिले. धुरांड्यातून बाहेर पडणारा वायू तर यात होताच, पण न जळता उडून जाणारे पेट्रोलही होते. त्या वेळी चाललेल्या प्रयत्नांतून पुढे १९७० च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात आणि १९७१ च्या मॉडेलपासून साऱ्या अमेरिकेत मोटारींना टाकीतील बाष्प अडवणारी योजना बसवणे सक्तीचे झाले. आज आपल्याकडच्या पेट्रोल मोटारींतही ती असते. आपल्या कोड्याचा धागा तिच्यातच आहे.

या योजनेचा मुख्य भाग म्हणजे कोळशाचा डबा. गॅरेजमध्ये त्याला ‘कॅनिस्टर’ म्हणतात. यातला कोळसा शेगडीतला नव्हे. लाकूड, नारळाच्या करवंट्या अशा पदार्थांचा कोळसा करून त्यावर अशी प्रक्रिया करतात, की त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे तयार होतात. या क्रियाशील कोळशाच्या एका ग्रॅममधील छिद्रांचा एकूण पृष्ठभाग १,००० चौरस मीटरच्या घरात जातो. चिमूटभर कोळसा, आणि पृष्ठभाग जवळजवळ पाव एकर! या पृष्ठभागाला पेट्रोलचे रेणू चिकटून बसतात. याला अधिशोषण म्हणतात. टाकीतले बाष्प नळीने या डब्यात येते, पेट्रोल कोळशाला चिकटते आणि स्वच्छ हवा बाहेर पडते. १९९८ पासून अमेरिकेत टप्प्याटप्प्याने आलेल्या मोटारींत तर पेट्रोल भरताना निघणारे बाष्पही याच डब्यात वळवलेले असते. इतर गाड्यांत भरतानाचे बरेचसे बाष्प तोंडाशीच निसटते, म्हणून तर पंपावर वास येतो. पण टोपण लावल्यावर टाकीत जे बाष्प तयार होत राहते ते डब्याकडेच जाते.

डबा भरून गेला की पुढे काय? तो रिकामा करण्याची युक्ती फार सुंदर आहे. चालू इंजिन हवा खेचत असते. त्यामुळे थ्रॉटलच्या पुढच्या नळीत, म्हणजे अंतर्ग्रहण नळीत, दाब बाहेरच्या वातावरणापेक्षा बराच कमी असतो. डब्यापासून या नळीपर्यंत एक बारीक नळी जोडली, की बाहेरची हवा कोळशातून ओढली जाते, जाताना पेट्रोलचे रेणू सोडवून नेते आणि ते इंजिनात जळतात. कोळसा पुन्हा ताजा! मात्र हे केव्हाही होऊन चालत नाही. म्हणून या वाटेवर एक छोटी विद्युत्‌चुंबकी झडप असते, तिचे नाव ‘पर्ज व्हॉल्व्ह’. ती एरवी बंद असते. इंजिन चालू होऊन तापले, की गाडीतला संगणक तिला थोडी थोडी उघडतो-मिटतो आणि तेवढे पेट्रोल फवाऱ्यातून कमी करतो.

ही झडप उघडीच अडकली तर? कधी कोळशाचा बारीक कण तिच्या तोंडाशी अडकतो, कधी ती झिजून नीट मिटत नाही. मग बंद इंजिनाच्या नळीतही बाष्प सरकत येते. रोजच्या चालण्यात डब्यात बाष्प बेताचे असते आणि चालू इंजिनात धुरांड्याजवळचा प्राणवायूचा संवेदक मिश्रणाची चूक पकडून संगणकाला कळवतो, त्यामुळे काही जाणवत नाही. टाकी नुकतीच भरली, की डबा बाष्पाने तुडुंब होतो. इंजिनाचे पहिलेच घोट या बाष्पाचे होतात, वर फवाऱ्यातले पेट्रोल असतेच, आणि मिश्रण पेटण्याच्या मर्यादेच्या पलीकडे जाते. आपला विचित्र तर्क खरा ठरतो: गाडीला पेट्रोलचे अजीर्ण झालेले असते.

आता या दोषाची एक खोडी पाहा. चालक वैतागून मेकॅनिकला बोलावतो. तो प्लग काढतो. ते ओले आणि काळे असतात. नवे प्लग बसवतो आणि गाडी झटक्यात सुरू होते! प्लगच खराब होते, असे सर्वांनाच वाटते. प्रत्यक्षात या खटपटीत अर्धा तास गेलेला असतो, नळीतले बाष्प विरलेले असते. त्या अर्ध्या तासात बॅटरी बदलली असती तरी गाडी सुरू झाली असती, आणि नुसता चहा पिऊन आले असते तरीही! पुढच्या वेळी टाकी भरल्यावर गाडी पुन्हा अडते, मग पेट्रोलचा पंप बदलला जातो, त्याच्या पुढच्या वेळी आणखी काही. हजारो रुपये जातात आणि प्रत्येक दुरुस्ती त्या दिवसापुरती ‘यशस्वी’ ठरते. आपोआप बरी होणारी सर्दी ज्याच्या त्याच्या औषधाला श्रेय देते, तसेच हे. जो दोष आपोआप नाहीसा होतो, त्याच्यावरचा उपाय लागू पडला की नाही हे तो दोष पुन्हा उद्‌भवायला हवा अशा वेळीच तपासता येते. इथे ती वेळ म्हणजे पुढची भरलेली टाकी.

तेव्हा सुटे भाग बदलण्याआधी प्रयोग करायला हवा. पेट्रोल भरताना एकाच वेळी दोन गोष्टी घडतात: टाकी भरते आणि गरम इंजिन पाच-दहा मिनिटे थांबते. दोष कशाचा? एके दिवशी तेवढेच अंतर चालवून, तेवढाच वेळ गाडी थांबवा. पेट्रोल मात्र भरू नका. तरीही ती अडली तर टाकीचा संबंध नाही, उष्णतेचा आहे. जुन्या अॅम्बॅसॅडर, प्रीमियर पद्मिनी गाड्यांत हे नेहमी होई. घाट चढून आलेल्या इंजिनाच्या उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ होई आणि चालक पंपावर ओले फडके ठेवून बसत. गाडी तेव्हा अडली नाही, तर दुसऱ्या वेळी फक्त पाच लिटर भरा, तिसऱ्या वेळी पूर्ण टाकी. जितके पेट्रोल जास्त तितका त्रास जास्त, असे दिसले तर संशय डब्याकडे आणि झडपेकडे वळतो.

आणखी एक कसोटी आहे. पूर्ण टाकीनंतर गाडी अडली, की गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, हातब्रेक ओढून, अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरावा आणि मग सेल्फ मारावा. इंजिनाने पेट घेताच पाय लगेच उचलावा. बहुतेक फवारा-पद्धतीच्या इंजिनांत अशा वेळी संगणक पेट्रोलचा फवारा तोडतो आणि हवेची वाट सताड उघडते. या उपायाने गाडी सुरू झाली, तर मिश्रणात पेट्रोल जास्त होते हे जवळजवळ सिद्ध झाले. पेट्रोल कमी पडत असते तर हा उपाय उलटाच ठरला असता.

पेट्रोलमध्ये पाणी असेल तर लक्षण निराळे असते. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. पाणी प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉल त्याच्याबरोबर वेगळे होऊन तळाशी बसते. अशी गाडी दोन मिनिटांत सुधारत नाही, पुढेही धक्के खात राहते. आणि सेल्फ मारल्यावर इंजिन फिरतच नसेल तर तो बॅटरीचा किंवा सेल्फचा दोष.

झडपेची शेवटची तपासणी मेकॅनिकनेच, उघड्या हवेत, इंजिन बंद व थंड असताना करावी. पेट्रोलचे बाष्प हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत दूरवर पसरते. झडप सोडवून, तिला वीज न देता एका बाजूने हवा दाबून पाहिली की दुसरीकडे हवा येता कामा नये. आली, तर चोर सापडला. झडप मुठीत मावेल एवढीच असते.

पंपावर नळीचा चाप ‘खट्’ करून आपोआप सुटला, की पुष्कळ लोक म्हणतात, “अजून थोडे बसवा, पैसे पुरते होऊ द्या.” टाकीतली वरची जागा बाष्पासाठी मुद्दाम राखलेली असते. ती भरली तर द्रवरूप पेट्रोल कोळशाच्या डब्यात शिरू शकते. भिजलेला कोळसा निकामी होतो, त्याचे कण सुटतात आणि वाहत जाऊन त्याच झडपेत अडकतात. घरची गाडी पंपावर असेल तेव्हा हे वडिलांना सांगायला हरकत नाही.

अधिशोषण शाळेच्या प्रयोगशाळेत पाहता येईल, पण पेट्रोलने मुळीच नको. दोन परीक्षानळ्यांत शाईच्या थेंबाने फिकट निळे केलेले पाणी घ्या. एकीत साध्या कोळशाची पूड टाका आणि दुसरीत तेवढ्याच वजनाची क्रियाशील कोळशाची पूड. मत्स्यपात्राचे सामान विकणाऱ्या दुकानात हा कोळसा मिळतो. पाच मिनिटे हलवून दोन्ही गाळून घ्या आणि रंग शेजारी शेजारी ठेवून पाहा. मग दुसऱ्या नळीतल्या कोळशावर पुन्हा पुन्हा निळे पाणी ओतत जा आणि कितव्या वेळी ते निळेच बाहेर येते, ते मोजून ठेवा.