विश्लेषण : बातमी की ‘पीआर’? लोअर परळच्या जनसंपर्क कंपन्या नेमके काय करतात?

नवा गृहप्रकल्प, नवे रुग्णालय किंवा शेअर बाजारात उतरणारी कंपनी... मोबाइलवर बातमी दिसते आणि त्याच दिवशी, जवळपास त्याच शब्दांत ती आणखी चार संकेतस्थळांवरही सापडते. हा योगायोग नसतो. त्यामागे बहुतेक वेळा एखादी जनसंपर्क, म्हणजेच ‘पीआर’ कंपनी असते. या कंपन्यांचे काम कसे चालते आणि वाचकाने काय तपासावे, याविषयी...

मुंबईत हा व्यवसाय कसा रुजला?

टाटा समूहाने १९४०च्या दशकातच स्वतःचा जनसंपर्क विभाग सुरू केला होता. ‘पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया’ १९५८ मध्ये स्थापन झाली. मात्र १९९१च्या उदारीकरणानंतर परदेशी कंपन्या आल्या, भांडवली बाजार विस्तारला आणि हे काम बाहेरच्या कंपनीकडे सोपवण्याची पद्धत रुळली. दुसरीकडे, १९८२च्या संपानंतर बंद पडत गेलेल्या गिरण्यांच्या जागांवर कार्यालये उभी राहिली. १९९७ मध्ये सुरू झालेल्या आणि देशातील मोठ्या पीआर कंपन्यांत गणल्या जाणाऱ्या ‘अ‍ॅडफॅक्टर्स पीआर’चे कार्यालय लोअर परळच्या कमला मिल कंपाऊंडमध्ये आहे.

या कंपन्या काय काम करतात?

ग्राहक कंपनी साधारणपणे दरमहा ठरावीक शुल्क देते. त्या बदल्यात प्रेस नोट लिहिणे, पत्रकार परिषद घेणे, मुलाखती ठरवणे, अधिकाऱ्यांकडून प्रश्नोत्तरांचा सराव करून घेणे आणि कुठे काय छापून आले याचा रोजचा अहवाल देणे, ही कामे होतात. खरी कसोटी संकटात लागते. अपघात, आग किंवा घोटाळ्याचा आरोप झाल्यावर कोणी बोलायचे, काय बोलायचे आणि काय टाळायचे, हे पहिल्या काही तासांत ठरवावे लागते.

मग जाहिरात आणि पीआर यांत फरक काय?

जाहिरातीची जागा विकत घेतलेली असते, हे वाचकाला ठाऊक असते. पीआर कंपनी केवळ माहिती पुरवते. छापायचे की नाही, हा निर्णय संपादकीय विभागाचा. बातमीवर वाचकाचा विश्वास असतो, म्हणूनच तिची किंमत जास्त.

सीमारेषा कधी ओलांडली जाते?

पैसे घेऊन मजकूर बातमी म्हणून छापला, की ती ‘पेड न्यूज’ ठरते. महाराष्ट्रात २००९च्या विधानसभा निवडणुकीच्या काळात वेगवेगळ्या दैनिकांत शब्दशः सारखा मजकूर आल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी उघड केले. त्यानंतर प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यीय उपसमितीने २०१० मध्ये पेड न्यूजवर सविस्तर अहवाल दिला.

इन्फ्लुएन्सर्सना कोणते नियम?

मोबदला घेतलेल्या पोस्टवर तसा ठळक उल्लेख हवा, असे जाहिरात मानक परिषदेचे (एएससीआय) २०२१ पासूनचे मार्गदर्शक नियम सांगतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

वाचकाने काय पाहावे?

गिरगाव, लालबाग, दादरच्या चाळींमध्ये आज पुनर्विकासाची चर्चा आहे. विकासकाचे कौतुक करणारी बातमी वाचून संमतिपत्रावर सही होणार असेल, तर फसगत मोठी असू शकते. महारेराने १ ऑगस्ट २०२३ पासून गृहप्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड बंधनकारक केला आहे. बातमीत मात्र तो नसतो. त्यामुळे विकासकाच्या जुन्या प्रकल्पांची नोंदणी आणि तक्रारी महारेराच्या संकेतस्थळावर स्वतः पाहाव्यात.

बातमी वाचताना तीन प्रश्न पुरेसे आहेत. त्यात कंपनीबाहेरच्या कोणाचे म्हणणे आहे का? एखादा तरी अडचणीचा प्रश्न विचारला आहे का? आणि तोच मजकूर इतरत्रही जसाच्या तसा आहे का? पहिल्या दोन्हींचे उत्तर ‘नाही’ आणि तिसऱ्याचे ‘हो’ असेल, तर ती प्रेस नोट समजूनच वाचावी.