कृष्णधवल छायाचित्रासाठी पोशाख निवडताना रंगाऐवजी उजळपणा पाहणे आवश्यक

गडद लाल साडी आणि तिचे गडद हिरवे काठ प्रत्यक्षात एकमेकांपासून स्पष्ट वेगळे दिसतात. कृष्णधवल छायाचित्रात मात्र हेच काठ अनेकदा साडीत विरून जातात. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या जपले जाणारे व्यक्तिचित्र टिपून घेताना ही बाब ध्यानात न घेतल्यास ती चूक नंतर सुधारणे कठीण होते.

कृष्णधवल प्रतिमेत रंगाची ओळख उरत नाही, केवळ त्याचा उजळपणा उरतो. डिजिटल चित्राचे करड्या छटांत रूपांतर करण्याच्या एका रूढ सूत्रात हिरव्या रंगाला सुमारे ५९ टक्के, लाल रंगाला ३० टक्के आणि निळ्या रंगाला ११ टक्के भार दिला जातो. त्यामुळे शुद्ध पिवळा रंग जवळजवळ पांढरा, तर शुद्ध निळा काळपट उमटतो.

फिल्मच्या काळात हे गणित निराळे होते. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल प्रकाशाला प्रतिसाद देत नसे. परिणामी लाल वस्त्र जवळपास काळे दिसे. सर्व रंग टिपणाऱ्या पँक्रोमॅटिक फिल्मचा प्रसार १९२०च्या दशकात वाढला. आज छायाचित्रकार संगणकावर प्रत्येक रंगाचा उजळपणा काही प्रमाणात बदलू शकतो. तथापि, समान रंगाच्या दोन वस्त्रांत त्याला या मार्गाने भेद निर्माण करता येत नाही.

पोशाखाची छटा चेहऱ्याच्या छटेशी मिळतीजुळती असल्यास चेहरा उठून दिसत नाही. काळ्या पार्श्वभूमीवर काळा कोट आणि काळे केस हरवतात. शुभ्र कपड्यांवर तीव्र प्रकाश पडल्यास चुण्या व विणीचा तपशील नाहीसा होतो. त्याऐवजी मोतिया किंवा फिकट करडा रंग सोयीचा ठरतो.

रंग नाहीसा झाल्यावर पोताचे महत्त्व वाढते. खादी, टसर किंवा लोकरीची वीण बाजूने येणाऱ्या प्रकाशात ठळक होते. चकचकीत सॅटिनवर मात्र पांढरे डाग उमटू शकतात. अतिशय बारीक रेघा आणि चौकटी डिजिटल कॅमेऱ्यात नको असलेल्या लहरींसारख्या दिसण्याचा संभव असतो. समूहचित्रात सर्वांनी एकाच रंगाचा आग्रह धरण्यापेक्षा परस्परांशी जुळणाऱ्या छटा निवडणे हितावह असते.

यासाठी खर्चाची आवश्यकता नाही. निवडलेले कपडे परिधान करून खिडकीजवळ उभे राहावे आणि मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्र काढून पाहावे. काठ, नक्षी आणि चेहरा त्यात वेगवेगळे दिसत असतील, तर निवड बहुतांशी योग्य समजावी.