सावली पायाखाली येते तो दिवस

मुलांनो, वार्षिक परीक्षा संपली की आमच्या चऱ्होलीच्या रस्त्यावर उन्हाळी शिबिरांचे फलक लागतात. पोहणे, चित्रकला, घोडेस्वारी, यंत्रमानव बनवणे! फलकाच्या तळाशी फी लिहिलेली असते आणि ती वाचून पुष्कळ आईवडील पुढे चालू लागतात. काही मुले आणखी एका कारणाने शिबिराला जात नाहीत. त्यांना गर्दी सोसत नाही, गोंगाट सोसत नाही, अनोळखी मुलांशी काय बोलावे ते सुचत नाही. आज मी तुम्हांला जो उद्योग सांगणार आहे त्याला पैसे लागत नाहीत आणि फारसे बोलावेही लागत नाही. लागते ते फक्त ऊन, आणि मे महिन्यात ऊन कोणाला विकत घ्यावे लागते?

प्रथम एक प्रश्न. भर दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो, असे आपण म्हणतो. खरेच येतो का? चऱ्होलीत तो वर्षातून फक्त दोनच दिवस बरोबर डोक्यावर येतो, आणि तेही बारा वाजता नव्हे!

आपले गाव साधारण १८.६५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मार्चच्या २१ तारखेच्या सुमारास सूर्य विषुववृत्तावर असतो. तेथून तो रोज थोडाथोडा उत्तरेकडे सरकतो आणि २१ जूनला कर्कवृत्तावर, म्हणजे सुमारे २३.४४ अंशांवर पोहोचतो. वाटेत १४ मेच्या सुमारास तो १८.६५ अंशांवर येतो. त्या दिवशी मध्यान्ही चऱ्होलीतल्या उभ्या खांबाची सावली खांबाच्या बुडातच नाहीशी होते. परतीच्या वाटेवर, २९ जुलैच्या सुमारास, तो पुन्हा त्याच जागी येतो. पण तेव्हा आपल्याकडे ढग असतात. म्हणून मे महिना सोडू नये.

आता वेळेचे पाहू. आपले घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची वेळ दाखवते. चऱ्होली ७३.९ अंशांवर, म्हणजे ८.६ अंश पश्चिमेला आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, म्हणून आपला मध्यान्ह सुमारे ३४ मिनिटे उशिरा होतो. त्यात सूर्याच्या असमान चालीमुळे मेच्या मध्यास पावणेचार मिनिटांची सूट मिळते. उरले किती? १२ वाजून ३१ मिनिटे.

आपल्या जुन्या ज्योतिर्विदांनी बारा अंगुळे उंचीची काठी उभी करून हेच मोजले. त्या काठीला ते शंकू म्हणत. विषुवदिनी तिची मध्यान्हीची सावली जेवढी पडे ती त्या गावाची पलभा. चऱ्होलीची पलभा चार अंगुळे येते. त्रिकोणमिती शिकलेल्यांनी करून पाहावे.

पण काठीत एक अडचण आहे. सूर्य हा बिंदू नाही. त्याची तबकडी सुमारे अर्ध्या अंशाची आहे. त्यामुळे मीटरभर काठीच्या सावलीचे टोक जवळजवळ एक सेंटिमीटर पुसट दिसते आणि कोठे खूण करावी ते कळत नाही. ह्यावर उपाय म्हणजे लग्नपत्रिका! मे महिन्यात ती प्रत्येक घरी असते. गच्चीच्या दक्षिणेकडच्या कठड्यावर एक लाकडी पट्टी अशी ठेवा, की तिचे टोक गच्चीच्या आत वीतभर येईल. मागे विटेचे वजन ठेवा. टोकाला पत्रिका आडवी चिकटवा आणि तिला बारीक छिद्र पाडा. छिद्र जमिनीपासून बरोबर एक मीटर उंच असावे. आता जमिनीवर पत्रिकेची सावली पडेल आणि सावलीत उजेडाचे एक लहानसे वर्तुळ दिसेल, सुमारे नऊ मिलिमीटर रुंदीचे. ते वर्तुळ म्हणजे सूर्याचेच चित्र आहे. त्याच्या मध्यावर खूण करणे सोपे जाते. छिद्रातून ओळंबा सोडा. तो जेथे टेकेल ते शंकूचे मूळ. सूर्याकडे मात्र कधीही थेट पाहू नका, छिद्रातूनही नाही. टोपी घाला, पायांत चपला असू द्या. गच्ची भाजते!

दोन उन्हाळ्यांपूर्वी आम्ही आमच्या गच्चीवर हे केले. शेजारच्या बांधकामावरची तीन मुले आली होती. त्यांतल्या एकीचे वडील गवंडी. ओळंबा तिनेच आणला आणि कसा धरायचा तेही तिनेच आम्हांला शिकवले, एम.एस्सी. झालेल्या माझ्या हातात तो सारखा डुलत होता. खालच्या मजल्यावरचा एक अकरा वर्षांचा मुलगाही आला. तो कोणाच्या डोळ्यांत पाहत नसे, आणि आरडाओरडा झाला की कान झाकून घेई. मी मास्तरकीच्या सवयीने सगळ्यांना गोल बसवले आणि आपापली ओळख करून द्यायला सांगितले. तो उठून खाली गेला तो दोन दिवस आलाच नाही.

मी त्याच्या घरी गेलो. त्याची आई म्हणाली, "सर, काय होणार आहे ते आधी सांगितलं तर तो येतो. अचानक नको असतं त्याला."

मग मी एका कागदावर लिहिले: १२.२० गच्ची. १२.२५ ओळंबा. १२.२६ पासून दर मिनिटाला एक खूण. १२.३६ लिंबू सरबत. मग घरी. कागद त्याला दिला आणि घड्याळही त्याच्याकडे दिले. तिसऱ्या दिवशी तो बारा वीसला हजर! इतरांनी त्याच्याशी बोललेच पाहिजे असे नव्हते, त्यानेही नाही. सगळे जमिनीवरच्या त्या उजेडाच्या ठिपक्याकडे पाहत होते. एकमेकांकडे न पाहताही शेजारी बसून काम करता येते, हे मला तोवर सुचले नव्हते.

एके दिवशी खूण करणारी मुले दंगा करीत राहिली आणि १२.३१ ची खूण १२.३४ ला झाली. घड्याळवाला म्हणाला, "चूक." मी म्हटले, "तीन मिनिटांनी काय होते?" तो पुन्हा म्हणाला, "चूक." मग मी हिशेब केला. सूर्य चार मिनिटांत साधारण एक अंश सरकतो; एक मीटर उंचीवर एक अंश म्हणजे पावणेदोन सेंटिमीटर. तीन मिनिटांत ठिपका सव्वा सेंटिमीटर पूर्वेला गेला होता! शून्य सावलीच्या दिवशी एवढी चूक झाली असती तर सावली शून्य झालीच नाही, असे आम्ही वहीत लिहिले असते. मी ती खूण पुसली.

हिशेबाप्रमाणे ठिपका मुळापासून उत्तरेला २० एप्रिलला १२.५ सेंमी, २७ एप्रिलला ८.५, ४ मेला ४.६ आणि ११ मेला १.२ सेंमी असायला हवा. आमची मोजमापे दोनतीन मिलिमीटरने इकडेतिकडे होती. आलेखाच्या कागदावर बिंदू जोडून मुलांनी रेषा पुढे वाढवली आणि ती १३ व १४ मेच्या मध्ये शून्याला टेकली. पंचांग न उघडता!

तुमचा मामा कोल्हापूरला असेल तर आणखी मजा आहे. कोल्हापूर जवळजवळ आपल्या सरळ दक्षिणेला, १६.७ अंशांवर आहे. तेथे सूर्य ६-७ मेलाच डोक्यावर येऊन जातो. १४ मेला मामेभावाने हाच प्रयोग केला तर त्याचा ठिपका दक्षिणेला ३.४ सेंमीवर पडेल, म्हणजे १.९५ अंश. दोन गावांचे दक्षिणोत्तर अंतर सुमारे २१७ किलोमीटर. मग ३६० अंशांना किती? त्रैराशिक मांडा, उत्तर ४०,००० किलोमीटरच्या जवळ येईल. हा पृथ्वीचा परीघ! इराटोस्थेनिसने इ. स. पूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये असेच केले होते. मात्र एक मिलिमीटर चुकलात तर उत्तर बाराशे किलोमीटरनी चुकेल.

दहापंधरा मिनिटांत प्रयोग संपतो. उरलेल्या दुपारचे काय? अरविंद गुप्ता हे अभियंते एके काळी पुण्याच्या टेल्को कारखान्यात काम करीत. पुढे त्यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी ह्यांपासून खेळणी बनवायला शिकवले. त्यांची पुस्तके संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. तीन काड्यांचा त्रिकोण दाबून पाहा, चार काड्यांचा चौकोन दाबून पाहा. कोणता लवंडतो आणि का, ते पुलाच्या सांगाड्याकडे पाहिल्यावर कळेल.

१४ मेला आकाश निरभ्र होते. घड्याळवाल्याने "बारा एकतीस" म्हटले आणि ठिपका ओळंब्याच्या खुणेवर येऊन बसला. गवंड्याची मुलगी उभी राहून आपल्या सावलीवर उड्या मारू लागली. सावली तिच्या चपलांखालीच होती. त्याने कान झाकले, पण खाली गेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर जाणार नव्हतो. प्रयोग झाला होता. बारा वीसला दारावरची घंटा वाजली. दारात तो एकटाच, हातात घड्याळ आणि माझा तो जुना कागद. कागदावर मी ३१ मेपर्यंतच्या तारखा लिहिल्या होत्या. आम्ही दोघे वर गेलो. ठिपका मुळाच्या दक्षिणेला चार मिलिमीटर गेला होता.