तुर्की बाझलामा घरच्या तव्यावर मऊ का होत नाही? चपातीची सवय सोडा, भाकरीचा हात वापरा

रील्समध्ये तव्यावर फुगणारी, लोणी-कोथिंबीर फासलेली जाडसर रोटी तुम्ही पाहिली असेल. तो बाझलामा, तुर्कस्तानातल्या खेड्यापाड्यांतला पाव. व्हिडिओ बघून अनेक जण घरी करून पाहतात आणि हातात येते जाड, चिवट चपाती. दोष बहुतेक वेळा तव्याचा नसतो. पीठ मळतानाच गडबड झालेली असते.

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे शिरूर आणि दौंड हे पर्जन्यछायेतले तालुके. घोड आणि भीमेच्या पाण्यावर ऊस आला, पण ज्वारी-बाजरीची भाकरी ताटातून गेली नाही. त्यामुळे जाड तवा आणि थापायची सवय असलेले हात इथल्या घरात आयते मिळतात. बाझलामाला नेमकं हेच लागतं. तुर्कस्तानात तो पारंपरिक पद्धतीने 'साच' नावाच्या लोखंडी तव्यावर भाजतात. हा तवा मधोमध फुगीर असतो. खानदेशात मांडे भाजायला खापर पालथं घालतात, साधारण तसा.

मग ज्वारीचाच बाझलामा का नको? कारण ज्वारीत ग्लूटेन नाही. गव्हाच्या पिठात पाणी पडलं की ग्लूटेनची लवचिक जाळी तयार होते आणि यीस्टने सोडलेला वायू तिच्यात अडकतो. ज्वारीच्या पिठात वायू धरून ठेवायला काही नसतं. म्हणून गहू हवाच. निम्मा मैदा, निम्मी कणीक चालते.

४०० ग्रॅम मैद्याला १८० मिली कोमट पाणी, अर्धी वाटी ताजं दही, एक चमचा इन्स्टंट यीस्ट, एक चमचा मीठ, दोन मोठे चमचे तेल आणि चमचाभर साखर घ्या. दौंड तालुक्यात गुऱ्हाळं भरपूर, तेव्हा साखरेऐवजी किसलेला गूळ घातला तरी यीस्टची तक्रार नसते. कणीक मिसळली तर पाणी थोडं वाढवा. जात्यावर किंवा चक्कीवर दळताना गव्हातल्या स्टार्चचे कण जास्त फुटतात आणि असं पीठ पाणी जास्त पितं. दही फार आंबट नको. त्यातलं पाणी आणि स्निग्धांश पावाला मऊपणा देतात, आंबटपणा मात्र चवीत उतरतो.

आता खरी परीक्षा. हे पीठ हाताला चिकटतं. चपातीची सवय असलेला हात लगेच डब्यातलं सुकं पीठ भुरभुरवतो, आणि बाझलामा तिथेच बिघडतो. फुगताना आतून वाफ सुटावी म्हणून पीठ सैल ठेवायचं असतं; सुकं पीठ ते पाणी शोषून घेतं. चिकटू द्या. हाताला तेल लावा आणि आठ-दहा मिनिटं तिंबा.

पाणी बोटाला कोमट लागेल इतकंच हवं. भाकरीच्या पिठात घालतो तसं उकळतं पाणी ओतलं तर यीस्ट मरतं. पीठ झाकून दुप्पट होईपर्यंत ठेवा. मे महिन्यातल्या उन्हाळ्यात पाऊण तास पुरतो, डिसेंबरच्या थंडीत दीड-दोन तासही लागतात. घड्याळापेक्षा पिठाकडे बघा.

सहा गोळे करा. लाटणं बाजूला ठेवा, कारण त्याच्या दाबाने आतला वायू निघून जातो. तेलाच्या हाताने, भाकरीपेक्षा हलकं, साधारण एक सेंटिमीटर जाड थापा आणि पंधरा मिनिटं तसंच राहू द्या.

तवा मध्यम आचेवर नीट तापवा, तेल घालू नका. बिडाचा तवा उत्तम, जाड बुडाचा फ्रायपॅनही चालतो. बाझलामा टाकला की झाकण ठेवा. वाफ आत राहते आणि वरची बाजू फुगण्याआधी सुकत नाही. दोन मिनिटांनी उलटा. दोन्ही बाजूंना तपकिरी डाग पडले की झालं. मंद आचेवर रेंगाळला तर आतलं पाणी उडून कडक होतो, मोठ्या आचेवर बाहेरून करपून आत कच्चा राहतो. पहिला बहुधा बिघडतोच, तो घरच्यांना चाखायला द्या.

उतरवल्याबरोबर सुती फडक्यात गुंडाळा. सकाळचा डबा घेऊन रांजणगाव एमआयडीसीत शिफ्टला जाणाऱ्यासाठी ही पायरी महत्त्वाची आहे, कारण दुपारपर्यंतचा मऊपणा त्यावरच टिकतो. उरलेले फ्रिजच्या कप्प्यात मात्र ठेवू नका. तिथल्या थंडीत स्टार्च बाहेरच्यापेक्षा लवकर घट्ट होतो आणि पाव शिळा लागतो. ठेवायचेच असतील तर फ्रीजरमध्ये ठेवा आणि पाण्याचा हबका मारून तव्यावर गरम करा.

वर कोथिंबीर आणि ठेचलेला लसूण घातलेलं लोणी फासा. तुर्कस्तानात तो न्याहारीला चीज-ऑलिव्हसोबत खातात, इथे पिठलं किंवा मटणाचा रस्सा झकास जमतो. फक्त भाकरीसारखा रश्शात कुस्करायला जाऊ नका. तुकडा तोडून बुडवा.