पडद्यावर उरलेले हैदराबाद

मराठीत कादंबरी आणि चित्रपट यांच्यातील देवघेव बहुतांशी एकाच दिशेने झाली आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’, अरुण साधूंची ‘सिंहासन’, मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ पडद्यावर गेली, परंतु पडद्यासाठीच जन्मलेली कथा पुढे कादंबरी होऊन वाचकाच्या हाती आली, असे क्वचितच घडले. ग्रॅहम ग्रीनने ‘द थर्ड मॅन’ पटकथेच्या आधी गोष्ट म्हणून लिहून काढली आणि १९४९च्या चित्रपटानंतर ती लघुकादंबरी १९५०मध्ये प्रसिद्धही झाली. वि. स. खांडेकरांनी १९३६च्या ‘छाया’पासून पडद्यासाठी स्वतंत्र कथा लिहिल्या, तरी चित्रपटाची कथा एकदा दाखवून झाली की संपली, हा समज काही मोडला नाही.

तो समज मोडायचा तर कोणती कथा निवडावी, याचे उत्तर घटनांच्या रंजकतेत नसून चित्रपटाने जे नाइलाजाने गाळले त्यात शोधावे लागते. पटकथा, म्हणजे दृश्यांच्या क्रमाने बांधलेली कथा, दोन दृश्यांमधला काळ सहज ओलांडू शकते. काललोप म्हणतात तो हाच. ज्या कथेत असा गाळलेला काळच पात्रांना घडवतो, त्या कथेत कादंबरीला खरा वाव असतो. या कसोटीवर नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२०१६) सर्वांत आधी पुढे येतो आणि त्याचे कारण त्याच्या गाजलेल्या पूर्वार्धात नसून हैदराबादेत घडणाऱ्या उत्तरार्धात आहे.

करमाळ्याकडच्या गावातून पळालेली आर्ची आणि परश्या हैदराबादच्या झोपडपट्टीत येऊन पडतात. बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी पाटलांची मुलगी तिथे बाटल्यांच्या कारखान्यात कामाला लागते, तेलुगू शिकते, संशयावरून नवऱ्याचा मार खाते, त्याला सोडून निघते आणि परत येते. त्यानंतर पडद्यावर काही वर्षे क्षणात उलटतात, मूल रांगोळीच्या दारापर्यंत चालू लागलेले दिसते आणि मग भेटवस्तू घेऊन माहेरची माणसे येतात. संपूर्ण शोकान्त पेलणारी ही वर्षे चित्रपटात मोजक्या दृश्यांत आटोपतात, आणि जवळपास तीन तासांच्या चित्रपटाला याहून अधिक परवडणारेही नव्हते. ज्या मुलीला घरी पाण्याचा पेलाही हातात मिळत होता, तिला परक्या भाषेत मजुरी मागताना आपल्या जातीचा रुबाब आठवतो की त्याची लाज वाटते, हे कॅमेऱ्याला चेहऱ्यावरून सुचवता येते; गद्याला ते पानेच्या पाने उकलता येते.

चित्रपटाला शहर बदलता येते, याचा पुरावा ‘सैराट’च्याच हिंदी अवताराने दिला. ‘धडक’मध्ये (२०१८) उदयपूरची जोडी कोलकात्यात जाऊन राहते आणि कथानकाचे फारसे काही अडत नाही. कादंबरीत मात्र हैदराबाद असे सहज उचलून बाजूला ठेवता येणार नाही, कारण सोलापूर-मराठवाड्याकडून येणाऱ्या माणसासाठी ते कधीच निव्वळ परके शहर नव्हते. १९५६च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता; १९३१चे मराठी साहित्य संमेलन ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या अध्यक्षतेखाली याच शहरात भरले. नारायणगुड्यातील केशव स्मारक शिक्षणसंस्थेच्या नावात ज्यांची स्मृती आहे ते न्यायमूर्ती केशवराव कोरटकर मराठीभाषकच होते. वकिली, शिक्षण आणि सार्वजनिक कार्य यांतून उभे राहिलेले हे मराठी हैदराबाद आर्चीच्या वाट्याला येत नाही. तिच्या वस्तीपासून नारायणगुड्यापर्यंत एकाच भाषेची दोन जगे एकमेकांना न ओळखता नांदतात, ही गोष्ट पटकथेच्या चौकटीत बसली नसती. सामाजिक चिकित्सा थेट कादंबरीत आणणाऱ्या केतकरांच्या परंपरेला मात्र ती साजेशी आहे.

याच प्रदेशाची दुसरी कथा विजय तेंडुलकरांच्या लेखणीतून आली. श्याम बेनेगल यांच्या ‘निशांत’मध्ये (१९७५) तेलंगणातल्या गावचे जमीनदार १९४५च्या सुमारास शाळामास्तराच्या पत्नीला, सुशीलेला, पळवून नेतात. मंदिरात नवऱ्याशी गाठ पडते तेव्हा ती त्याच्या नामर्दपणाचा जाब विचारते. आणि ज्या वाड्यात तिला कोंडले, त्याच वाड्यातल्या, जमीनदारांच्या धाकट्या भावाशी तिचे गुंतागुंतीचे नाते जुळत जाते. अखेर गाव पेटून उठते, तेव्हा जमाव तिलाही वाचवत नाही. सुशीला साकारणाऱ्या शबाना आझमींच्या नजरेवर दिग्दर्शकाने जे सोपवले, ते बळीच्या मनातली ओढ आणि सूड यांचे मिश्रण आहे. त्याला शब्द देणे जोखमीचे आहे, पण तेंडुलकरांनी बीज पेरलेली ही कादंबरी लिहिली गेली नाही याची हळहळ वाटते.

प्रत्येक चांगला चित्रपट या वाटेला नेण्यात अर्थ नाही. मंजुळे यांच्याच ‘फँड्री’च्या अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या अंगावर येतो, आणि तो आघात कागदावर उतरणे अवघडच. ‘सैराट’च्या बाबतीतही शेवट हीच मोठी अडचण राहील. तिथे मंजुळे ध्वनीच काढून घेतात. कादंबरीकाराला निवेदक, म्हणजे कथा सांगणारा आवाज, बंद करून लिहिता येत नाही. म्हणून तो आवाज सर्वज्ञ लेखकाचा असण्यापेक्षा त्या दोघांना आसरा देणाऱ्या सुमनअक्काचा असणे अधिक सयुक्तिक ठरेल: तिला आर्चीचे हैदराबादेतले आयुष्य जवळून ठाऊक आहे, आर्चीचे गाव मात्र केवळ ऐकीव आहे.